तक्तपोशीवरचे तीन ठोके

प्लेगच्या आधी दोनएक वर्षे आम्ही गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर राहत होतो. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, पुढे तीन फुटांची गॅलरी. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मी लाकडाच्या वखारीत मोजणीला होतो आणि नव्या जागेत गेलो की गज बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडत नसे. बायकोचे थोरले भाऊ आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनाही तशीच एक खोड असल्याचे दिसले. त्यांना मी बायकोच्या तोंडून ऐकून दादाच म्हणे, आणि ते तिला धाकटी असूनही ताई म्हणत.

दादा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत अकरा वर्षे होते. आम्ही दोन्ही घरची माणसे रत्नागिरीकडची, जातीने सुतार. खाणीत त्यांचे काम छताला लाकडाचे टेकू देण्याचे. छाती बिघडली तेव्हा खाणवाल्यांनी त्यांना घरी धाडले. गावी आईबाप राहिले नव्हते, म्हणून बहिणीकडे आले.

आले ते उंबऱ्यावरच थांबले. हातातली वेळूची काठी उंच करून त्यांनी आमच्या तक्तपोशीच्या फळ्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकेक ठोकल्या. मान तिरपी करून ऐकले आणि मग पाय आत टाकला.

"खणखणीत वाजलं तर छत बरं," ते म्हणाले, "बद्द वाजलं तर मागे न बघता पळायचं."

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. पण पाणी प्यायला बाहेर गेले तरी परत येताना ठोकणे आलेच. आमची तक्तपोशी म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन. वर एक विधवा काकू एकट्या राहत, आणि त्यांच्या जिभेला सारी चाळ वचकून असे. चौथ्या दिवशी त्या जिन्यातून ओरडतच खाली आल्या.

"काय हो, घरात सुतारपक्षी पाळलाय का? माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण दोनदा आडवा झाला!"

"काकू, ते आजारी आहेत," बायको म्हणाली.

"आजारी माणूस निजतो गं, कवायत करत नाही!"

मला शेजाऱ्यांशी वाद नको असतो. मी काठी काढून दाराजवळच्या तांदळाच्या पिंपामागे ठेवली. दादांनी वळकटी उचलून गॅलरीत नेली, आणि त्या दिवसापासून जेवणही तिथेच होऊ लागले.

मी त्यांची समजूत घालायला बसलो. "दादा, तुळई सागाची आहे. नऊ इंच उंच, पाच इंच जाड. वर काकूंची दोन कपाटं, पाण्याचे हंडे आणि स्वतः काकू धरल्या, तरी तिला त्याच्या चौपट भार सोसेल." काकूंचे वजन मी किती धरले ते इथे लिहीत नाही.

त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "भावोजी, हिशेब बरोबरच असणार," ते म्हणाले. "खाणीतल्या साहेबाचाही बरोबरच होता."

गॅलरीत संध्याकाळी ते खाणीचे सांगत. खाणीमुळे जवळच्या गावच्या विहिरी आटल्या, एक शेत बैलांसकट खचले. मग ज्यांची शेते गेली तेच टोपली घेऊन खाली उतरू लागले, बायकासुद्धा. लग्नाचा मुहूर्त भटजी काढी, पण वरात भोंग्याच्या वेळेवर निघे. "कोळसा वर आला आणि गाव खाली गेलं," असे ते म्हणत आणि खोकत. काळा बेडका मी पाहू नये म्हणून तोंड फिरवीत.

वैशाख संपत आला. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की या छातीला ओल चालायची नाही. पावसात गॅलरी तर चिंब भिजे. दादा आत येईनात. शेवटी म्हणाले, "मी गावी जातो. गोठ्यावर पेंढ्याचं छप्पर आहे. ते पडलं तरी माणूस मरत नाही."

गावी त्यांना पेज द्यायलाही कोणी नव्हते, डॉक्टरची तर गोष्टच दूर. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात. एकदा गेले की चार महिने आम्हाला खबरही कळली नसती. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. काठी लपवणारा मी होतो.

आगबोटीचा दिवस रविवार होता. दुपारी दादा बोचके घ्यायला दारात आले. आत यायचे म्हणून त्यांनी पिंपामागे हात घालून काठी शोधून काढली आणि तक्तपोशीला ठोके दिले. जाणाऱ्या माणसाला काय अडवायचे?

वरून तीन ठोके आले. धाड, धाड, धाड. काकूंनी मुसळ हाणले होते.

दादा जागच्या जागी थांबले. त्यांनी पुन्हा तीनदा ठोकले. वरून तीन आले, आधीपेक्षा जोरात. दादांनी काठी खाली ठेवली आणि ते खोलीच्या मधोमध, तुळईच्या बरोबर खाली, मांडी घालून बसले.

"ताई, वाढ," ते म्हणाले.

भात कालवता कालवता त्यांनी सांगितले. खाणीत एकदा छत बसले तेव्हा ते आणि त्या गावचा एक गडी आत अडकले होते. दोघे दगडाने भिंत ठोकत राहिले. पलीकडून उत्तर नाही. गड्याचा पाय चिरडला होता. तो म्हणाला, वर कोणी नाही, आणि त्याने ठोकणे सोडले. पलीकडचे फोडून आत आले तोवर तो गेला होता.

"त्यांना ऐकू येत होतं, भावोजी. पहिल्यापासून. पण सगळ्यांचे हात खणण्यात होते. उत्तर द्यायचं कोणाला सुचलंच नाही."

जेवण झाल्यावर ते तिथेच आडवे झाले आणि झोपले. आगबोट सुटायची वेळ होऊन गेली. आम्ही उठवले नाही.

मी वर जाऊन काकूंना सगळे सांगितले. त्यांनी हातातले मुसळ भिंतीला टेकवले.

"मी तर भांडायला ठोकलं रे," त्या म्हणाल्या.

"तसंच ठोका, काकू. जोर कमी करू नका."

बाळकृष्ण त्यांनी देव्हाऱ्यातून काढून फडताळात ठेवला.

पावसाळाभर दादा आत राहिले, आत जेवले, आत झोपले. दुपारी ते ठोकत आणि वरून तीन ठोके येत. आमच्याशी काकू पूर्वीसारख्याच तुसडेपणाने बोलत.

श्रावणात काकूंना एक दिवस बहिणीकडे दादरला जायचे होते. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "दुपारी तू वर जायचं. मुसळ दाराआड आहे. तीनच ठोक. चार झाले तर त्याला वाटेल दुसरंच कोणी आहे."

तो दिवस सुट्टीचा होता. मी वर गेलो आणि दोन कपाटांच्या मधे, बरोबर ज्या तुळईचा मी हिशेब केला होता तिच्यावर, मुसळ घेऊन उभा राहिलो. पायाखाली काठी वाजली. मी ठोकले. एक, दोन, तीन. मोजणीत माझी सहसा चूक होत नाही, पण त्या वेळी खात्री वाटेना, म्हणून मी कान देऊन उभा राहिलो.

खालून पाट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग दादांचा, "ताई, वाढ."