गळ्यातला बँड

एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्या गळ्यातल्या वकिलीच्या पांढऱ्या बँडमध्ये बोट अडकवलं आणि ओढलं. हुक तुटला. बँड त्यांच्या हातात. नाशिकच्या कोर्टातली वकिलांची बार रूम, माणसांनी भरलेली. समोर माझा मामा.

मामा पेठहून आला होता. जमिनीच्या दाव्यात तो माझा अशील. मी त्याला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवून कागद समजावत होते. ती खुर्ची या ज्येष्ठ वकिलांची. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण रिकामी असली तरी ज्युनिअर तिच्यात बसत नाहीत. आमच्यासारखा आदिवासी पाड्यावरचा माणूस तर नाहीच नाही.

"सवलतीत सनद मिळाली म्हणजे कुणी वकील होत नाही," ते म्हणाले. "आधी माणसं कुठं बसवायची ते शिक."

काहीजण हसले. बाकीच्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आणि मामा उठला. त्याने हात जोडले. "माफ करा सायेब, पोरीचं चुकलं."

बँड ओढला त्यापेक्षा हे जास्त लागलं. मी त्याची वकील. त्याच्या बाजूने बोलायचं मी, आणि माफी मागत होता तो. माझी काहीच चूक नसताना. त्याच आठवड्यात मी मुंबईला वकिलांच्या राज्य कौन्सिलकडे तक्रार केली.

त्यावरच्या देशाच्या कौन्सिलने सगळ्या वकिलांसाठी नियम केलेत. कोट काळा, बँड पांढरा, सगळं लिहिलंय. तो बँड घातलेल्या बाईच्या अब्रूसाठी एकच शब्द, 'गैरवर्तन'. तोही मी सिद्ध करायचा. चौकशी करणारेही वकीलच. तेही ठीक. पण माझं वकीलपत्र घ्यायला इथे कुणी तयार नाही. वकिलाविरुद्ध वकील उभा राहत नाही, अशी इथली रीत. चोरालाही वकील मिळतो. मला मिळाला नाही.

"घरातलं भांडण आहे, मिटवून टाका मॅडम," जो तो सांगतो. कुणाचं घर? ज्या घरात माझ्या माणसाला खुर्ची नाही, ते?

तारखेला मुंबईला जाते. ते ज्येष्ठ वकील येत नाहीत, मुदत मागतात. मुदत मिळते. परतीच्या एसटीत रागाने रडू येतं. जीव विटून गेलाय.

परवा निरोप आला. ते चहा पाजतील, दिलगिरी व्यक्त करतील, मी तक्रार मागे घ्यावी. मी म्हटलं, "नाही. तारखेला भेटू."

माझी केस मीच चालवणार. साक्षीदार म्हणून मामाचं नाव दिलंय. तो घाबरलाय. "आपलं कोण ऐकणार हाय तिथं?" विचारतो.

मी त्याला सांगितलं, ऐकोत न ऐकोत, पाहिलंस ते सगळं सांग. अडखळलास तरी चालेल. हात मात्र जोडायचे नाहीत.