मेंदूचा फोटो आणि पांढरी चादर

त्या दिवशी सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. सालेकशाकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, महिनाभर खेटे घातले, तेव्हा कुठे एक आई आपल्या मुलीला घेऊन गोंदियाला यायला तयार झाली होती. आईच्या पोटात असताना दारू पोचली, तर मुलांचा मेंदू कसा वाढतो, हे आमच्या अभ्यासात एमआरआयवर पाहायचं होतं. आणि ही आमची पहिलीच मुलगी!

दारू म्हणजे इथे मोहाची. आधी देवाला धार सोडायची, मग सगळ्यांनी घ्यायची. अंग दुखतं म्हणून पोटुशी सुनेलाही सासू मायेने द्रोण भरून देते. या आईनेही घेतली होती. पण मुलगी शाळेत मागे पडली, सांगितलेलं घटकेत विसरू लागली, तसा आईच्या जिवाला घोर लागला. "म्याच तं नाही ना केलं हे, ताई?" एवढंच तिला विचारायचं होतं.

मशीन धडधडतं आणि आत तर जराही हलायचं नाही. म्हणून टोल्यावरच मी सराव घेतला होता. मुलीला खाटेखाली निजवायचं आणि वरून थाळी बडवायची. पोरगी ओठ दाबून हसायची, पण हलायची नाही. मला वाटलं, जिंकलं आपण!

कसचं काय! मशीनच्या फळीवर मुलगी डोळे मिटून निजली आणि थंडी वाजू नये म्हणून तंत्रज्ञाने तिच्या गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. आई किंचाळलीच. "जित्या पोरीवर पांढरं कापड? काऊन, मारून राहिले का तिले?" पोरीला उचलून ती दाराशी पोचलीसुद्धा.

"अरे, चादर ही तो है!" तंत्रज्ञ म्हणाला.

"तुमच्या लेकराला असं निजवा, मग बोला!" मी खेकसले. महिनाभराची मेहनत दाराबाहेर चालली होती.

तेवढ्यात आईचं गाठोडं दिसलं. त्यात एक हिरवं सुती लुगडं होतं, जरीचा धागाही नसलेलं; मशीनच्या चुंबकाजवळ धातू चालत नाही ना! म्हटलं, "बाई, चादर गेली चुलीत. तुमचं लुगडं घाला तिच्यावर."

आईच्या लुगड्यात पोरगी गुरफटून निजली. मशीन धडाधड वाजू लागलं आणि पोरगी हलली नाही, अजिबात हलली नाही! पडद्यावर मेंदू उमटला, रेघ न् रेघ स्वच्छ. मी सरळ टाळ्या पिटल्या.

आई पडद्याजवळ गेली. "यात माहा मोहा कुठं दिसते?"

माझं हसू तिथेच थांबलं. आमच्या अभ्यासाच्या डॉक्टरबाईंनी तिला शेजारी बसवून सांगितलं, की एका फोटोवरून तसं बोट ठेवता येत नाही. दारू पोचलेल्या आणि न पोचलेल्या पुष्कळ मुलांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, की फरक कळू लागतो. आणि तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं, हेही त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता ती रडणार. पण तिने लुगड्याची नीट घडी घातली.

"माह्यासंग पेणाऱ्या आणखी होत्या. त्यायची लेकरं आणतो मी. लुगडी आमची आम्ही आणू," ती म्हणाली. मग मुलीचा हात धरून उठली. "पण पयले घरी जातो, ताई. धाकटी जाऊ पोटुशी हाय. तिच्या हातचा द्रोण काढून घेतो."