रहीमभाईंचा डॉक्टर मुलगा

केजमध्ये डॉ. शिवशंकर लामतुरे यांच्या दवाखान्यात सद्दाम लागला तो बारावीनंतर, कंपाउंडर म्हणून. सायन्सला मार्क काठावरचे होते आणि पुढं काय करायचं हे घरात कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला तो झाडू मारायचा, नंबर पुकारायचा, गोळ्यांच्या पुड्या बांधायचा. मग ड्रेसिंग हाताखाली आलं, इंजेक्शन आलं, सलाईन आलं. काही वर्षांत अशी अवस्था झाली की डॉक्टर दुपारी जेवून आडवे झाले तरी दवाखाना थांबत नसे. खेड्यावरच्या बाया त्याला छोटे डॉक्टर म्हणत. तो नाही म्हणत नसे. लामतुरेही नाही म्हणत नसत, कारण त्यांना झोप महत्त्वाची होती.

सद्दामचे वडील रहीमभाई एसटी स्टँडसमोर फळांचा गाडा लावत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मुलांचा विषय निघायचा आणि रहीमभाई सांगायचे, आपला मुलगा डॉक्टर आहे. आधी ते 'डॉक्टरकडे कामाला आहे' असं सांगत. पण गाडी लागली की लोकांना घाई असते, वाक्य लांब पडायचं, म्हणून त्यांनी ते आखूड केलं.

एके दिवशी केजला लेकीकडे आलेले उमापूरचे मुंजाजी नावाचे गृहस्थ रहीमभाईंच्या गाड्यावरून डाळिंबं घेऊन, मुतखड्याचे रिपोर्ट काखेत मारून थेट दवाखान्यात आले. त्यांना डॉ. सद्दाम यांनाच दाखवायचं होतं. सद्दाम तेव्हा स्टुलावर चढून पंखा पुसत होता. तिथूनच त्यानं सांगितलं की या नावाचे डॉक्टर इथं नाहीत.

"न्हाईत कसं? स्टँडवरच्या फळवाल्यांचा मुलगा हाय म्हणं. बापानंच सांगितलंय."

बाकावरच्या सगळ्या पेशंटनी मान वर करून पंख्याकडं पाहिलं. सद्दाम खाली उतरला, हात धुतले, रिपोर्ट घेतले आणि आत लामतुरेंच्या टेबलावर नेऊन ठेवले. मुंजाजींना त्यानं बसायला खुर्ची दिली. मग पुन्हा स्टुलावर चढून पंखा पुसू लागला.

संध्याकाळी त्यानं अब्बांना घडलेलं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण असं बोलत जाऊ नका, मला तोंड दाखवायला जागा राहत नाही, एवढं म्हणाला. रहीमभाईंनी घास संपवला, पाणी प्यायले.

"तू हो जा ना डागदर," ते म्हणाले. "फिर झूट कायका?"

सद्दामला ही चेष्टा वाटली. त्याच्या बायकोला, उज्माला, वाटली नाही. ती उर्दू शाळेत विज्ञान शिकवायची आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची वयाची अट कोर्टानं तूर्त बाजूला ठेवलीय, हे तिला ठाऊक होतं. तुमची दहावी उर्दूतून झालीय, म्हणजे युनानी वैद्यकीला अडचण नाही, तिथं उर्दू लागतंच, असं तिनं जेवणाची भांडी उचलता उचलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती अकरावीचं जीवशास्त्र घेऊन आली.

त्यानंतर घरात पोळ्या लाटता लाटता उज्मा प्रश्न विचारायची आणि सद्दाम कांदा चिरत उत्तर द्यायचा. जीवशास्त्र त्याला जमलं. भौतिकशास्त्रानं त्याला कधीच ओळख दिली नाही. परीक्षेचं नाव नीट, पण पहिल्या खेपेला ती नीट गेली नाही. दुसऱ्या खेपेला बीडच्या एका युनानी कॉलेजात नंबर लागला.

मग लामतुरेंना सांगणं आलं. पेशंट नव्हते अशा वेळी सद्दामनं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि युनानीच का म्हणून विचारलं. एमबीबीएसला नंबर लागत नाही सर, हे सद्दामचं उत्तर होतं. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"आणि लाइट गेली की इन्व्हर्टर कोण चालू करणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

पुढचा आठवडाभर ते सद्दामशी पेशंटमार्फत बोलले. समोर बसलेल्या बाईला म्हणायचे, त्यांना सांगा, सुई द्या म्हणावं. आठवडा संपला तेव्हा त्यांनी स्वतःच तोडगा काढला. बीड काही लांब नाही, रविवारी आणि सुट्टीला येत जा. सद्दाम हो म्हणाला. अशा रीतीनं तो सहा दिवस डॉक्टर होऊ लागला आणि सातव्या दिवशी कंपाउंडर राहिला.

कॉलेजात पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तशी सगळी मुलं उठून उभी राहिली. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा ती एकेक करून खाली बसली. पुढं ती त्याला सद्दामभाई म्हणू लागली आणि वर्गात कुणाला चक्कर आली की त्याच्याकडं पाहू लागली. त्याला आतून वाटायचं, आपल्याला यातलं अर्धं येतंच.

ते वाटणं शरीररचनेच्या तासाला गेलं. कमरेखालच्या स्नायूमधून कोणती नस कुठून जाते हे सर दाखवत होते. सुई बोटभर बाजूला सरकली तर पाय कायमचा जाऊ शकतो, असं ते सहज सांगून पुढच्या पानावर गेले. सद्दाम त्याच पानावर राहिला. इतकी वर्षं त्यानं गप्पा मारत, एक कान दारातल्या नंबरकडं ठेवून सुया दिल्या होत्या. कुणाचा पाय गेला नव्हता. यात आपलं काही कर्तृत्व नाही हे त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी केजला इंजेक्शन देताना तो एवढा वेळ जागा शोधत बसला की पेशंट मागं वळून बघू लागला. बाहेर बायका आपसात बोलल्या, चांगला हात होता पोराचा, शिकायला गेलं आन् बिघडलं. लामतुरेंच्याही कानावर ते गेलं. हळूहळू होईल, एवढंच ते म्हणाले, आणि त्या दुपारी झोपायला गेले नाहीत.

शिक्षण, मग इंटर्नशिप, मग नोंदणी, असं करत सद्दाम खरंच डॉक्टर झाला. केजला परत येऊन त्यानं बाजारपेठेच्या कडेला दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. लामतुरे उद्घाटनाला आले, सगळे स्विच दाबून पाहिले, आणि इन्व्हर्टर जरा उंचावर लाव म्हणाले. रहीमभाईंनी मात्र गाड्यावर मुलाचा विषय काढणं सोडून दिलं. कुणी विचारलंच तर म्हणत, "हाय तिकडं दवाखान्यात." उज्मानं कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आता लोक मोफत सल्ला मागतात.

पेशंट आले, पण सावकाश. सद्दाम नाडी बघायचा, जीभ बघायचा, काय खाता, किती झोपता हे विचारायचा. लोकांना ते वेळखाऊ वाटे. बऱ्याच जणांना त्यानं सलाईनची गरज नाही म्हणून सांगितलं आणि त्यातले बरेच जण ते लावून घ्यायला दुसरीकडं गेले.

सुंदरबाई त्यातल्याच एक. केजजवळच्या वस्तीवरच्या, साठी ओलांडलेल्या. उजवा खांदा आखडलेला, हात कानापर्यंत जात नव्हता, अंबाडा सून घालून द्यायची. सद्दामनं खांदा तपासला, साखरेची तपासणी करून घेतली, मग गरम शेक आणि तेलाची मालिश सुरू केली, हात किती आणि कसा फिरवायचा ते दाखवलं.

"एवढी वर्षं शिकून तेलच चोळतो व्हय रं?" सुंदरबाईंनी विचारलं.

सद्दाम हो म्हणाला आणि चोळत राहिला. त्या चिडून गेल्या, दुसरीकडं सलाईन लावून आल्या, आणि खांदा तसाच राहिल्यावर पुन्हा येऊन बाकावर बसल्या. त्यानं तेल कोमट करायला ठेवलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी सुंदरबाईंनी दवाखान्यातच पदर सावरला, दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. उज्मा त्या दिवशी सुट्टी म्हणून आलेली होती, ती बघतच राहिली. सद्दामनं खांद्यावर बोटं ठेवून सांधा कसा फिरतोय ते पाहिलं. बराच मोकळा झाला होता.

"गेला बरं का हात वर," सुंदरबाई उठता उठता म्हणाल्या. "पर सलाईन तू लावलं असतंस तर लवकर गेला असता."

सद्दामनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.