दशम्यांची पिशवी

दीनानाथ साठ्यांच्या करोल बागेतल्या घराला पाहुण्यांचा तोटा कधीच नव्हता. केंद्र सरकारची नोकरी आणि दिल्लीत बिऱ्हाड, मग काय विचारता! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आलेल्याला पानिपत दाखवायचं, लाल किल्ला दाखवायचा आणि इंडिया गेटजवळचा एका राजघराण्याचा जुना महालही दाखवायचा. त्या महालात आता चित्रं मांडलेली होती.

आत पिशव्या न्यायला मनाई. दारावरचा माणूस त्या ठेवून घेई, पण दशम्या-चटणीची पिशवी परक्याच्या हाती द्यायची कशी? म्हणून दर वेळी त्यांच्या पत्नी अरुणाताई पाहुण्यांना घेऊन आत जात आणि दीनानाथ हिरवळीवर कडुनिंबाखाली पिशवीची राखण करत. बाहेर आलेले पाहुणे जे सांगत, ते ऐकून ऐकून त्यांना आतली चित्रं पाठ झाली. ऑफिसात तर ते चित्रांवर असं काही बोलत, की साहेबही मान डोलावत. त्यांचं पितळ कधी उघडं पडलं नाही, कारण अरुणाताईंनी कधी तोंड उघडलं नाही.

पण आपण आत गेलो नाही हे त्यांना सलत होतं. निवृत्तीनंतर मुलाकडे नाशिकला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा तर फारच.

निघायच्या आदल्या दिवशी अरुणाताई म्हणाल्या, "अहो, चला, महाल बघून येऊ."

"आणि पिशवी?"

"आज मी बसते. बिल्कुल घाई करू नका."

दीनानाथ आत गेले. चित्रातल्या ज्या लाल घोडीचं त्यांनी जन्मभर कौतुक केलं, ती करडी निघाली. त्यांना हसू आलं, पण एकट्यानं हसायला बरं वाटेना. वरच्या मजल्यावर गेल्यावर ते खिडकीशी थांबले. खाली कडुनिंबाखाली अरुणाताई पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून बसल्या होत्या आणि थेट वर बघत होत्या. त्यांनी हात हलवला.

दीनानाथ तसेच खाली आले. "मी खिडकीत येईन हे तुला कसं कळलं?"

"मी दर वेळी तिथंच उभी असायचे. पाहुणे चित्रं बघायचे, मी तुम्हाला. तुम्ही मात्र एकदाही वर पाहिलं नाहीत."

"म्हणजे चित्रं तू..."

"मी तरी कुठं धड पाहिलीत!"

दीनानाथांनी पिशवी उचलली, दारावरच्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाले, "भैया, जरा संभालके, खाना है." मग बायकोला घेऊन ते पुन्हा आत गेले.