सासरेबुवांनी इमारत घेतली

अख्ख्या डिचोली तालुक्यात माझ्या सासऱ्यांइतका ताठ माणूस झाला नाही आणि होणारही नाही. त्यांनी उभ्या जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. उसनं नाही, पाणी नाही, रस्तासुद्धा नाही. वाळपईच्या पुढे एका लग्नाला निघालो असता, कुठे वळायचं हे विचारायला त्यांनी मला गाडीतून उतरू दिलं नाही. आम्ही भलत्याच मांडवात पोचलो. सासरेबुवांनी तिथल्या अनोळखी नवऱ्यामुलाला आहेर केला, पंगतीत जेवले आणि परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "जेवण बरां होतां." घरी, सर्वणला, आणखी भात हवा असला तर ते नुसते ताटाकडे रोखून बघत. ती नजर फक्त सासूबाईंना कळायची.

पाळी गावच्या खाणीवर त्यांचे तीन ट्रक चालत. त्या भरभराटीत सासूबाई एकदा म्हणाल्या, "ट्रक आज आसा, फाल्यां नाय. बाजारात चार खोल्यो घेवया." सासरेबुवा पाहुण्यांसमोर खो खो हसले. "घरकान्न आता माका धंदो शिकयता!" घरकान्न म्हणजे बायको. पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात ताडपत्रीखाली झोपले आणि सासरेबुवा ओसरीवर त्यांच्याकडे बघत दिवस काढू लागले. अशात डिचोलीच्या बाजारातली एक छोटी इमारत विकायला निघाली. खाली दोन दुकानं, वर चार बिऱ्हाडं. मालक मुलाकडे मुंबईला चालला होता. "भाडां म्हणजे डिझेल लागना असो ट्रक," सासरेबुवा म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

मग माझ्या स्कूटरवरून आमची पैशांची शोधयात्रा निघाली. बँकेच्या मॅनेजरने नीट समजावलं: किमतीचा काही भाग तुम्ही घाला, बाकी कर्ज भाड्याच्या जोरावर मिळेल, राहतं घर तारण ठेवा, "आणि बाईंची सही लागेल." सासरेबुवा ताडकन उठले. बाहेर येऊन म्हणाले, "जावयबापू, पंखो बघलात? जंय पंखो फिरना, थंय पैसो कसो फिरतलो?" पतसंस्थेत व्याज जास्त पण हप्ते सवडीचे, तिथेही बाईंची सही. तिथल्या खुर्चीला हात नव्हते म्हणून ती संस्था बाद. इमारतीचा मालक स्वतःच हप्त्यांनी पैसे घ्यायला तयार झाला, तर करारावर सही. सुपारीची बागायत विकून रोख द्यावी, तर विक्रीखतावर सही. आमच्या गोव्यात नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा. पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला, आणि चहाच्या हॉटेलात परगावच्या माणसांना तो छाती फुगवून सांगण्यात सासरेबुवांचा हात कोणी धरला नसता. आता त्याच कायद्याने त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी आणून सोडलं होतं. तेवढ्यात बेळगावचा एक गिऱ्हाईक इमारत बघून गेला. मालक म्हणाला, सोमवारपर्यंत थांबतो. ही इमारत गेली तर हा माणूस कायमचा ओसरीवर बसणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

रविवारी सकाळी सासूबाई नारळ खवत होत्या आणि मी चहात उंडो, म्हणजे आमचा गोल कडक पाव, बुडवत होतो. सासरेबुवा दारात आले, खाकरले, परत गेले, पुन्हा आले.

"माका तुजी सय जाय."

सासऱ्यांनी तोंडाने सही मागितली आणि माझा उंडो चहात विरघळला. सासूबाईंनी मान वर केली नाही. "मागतात कित्याक? अर्धां माजांच आसा मा?" मग खवणं चालू ठेवूनच त्यांनी निकाल दिला. "बागायत विकूची नाय. कर्ज बँकेचां घेवया, मुदत लांब. हप्तो भाड्यातसून सुटतलो. आनी बँकेत माका सांगाती व्हरा."

जुना टोमणा परत करायला याहून नामी संधी मिळाली नसती. त्यांनी ती घेतली नाही. त्या बाईचा मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे. आणि दुसऱ्या दिवशी सासरेबुवांनी बँकेत त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, मॅनेजरला खणखणीत आवाजात सांगितलं, "ही मालकीण. कितें विचारूचां तां हिका विचारा," तेव्हा मला सासऱ्यांचाही अभिमान वाटला. तो कांकणभर जास्तच, कारण त्यांना ते जड गेलं होतं.

कर्ज कधीच फिटलं. सासूबाई जाऊनही आता काही वर्षं झाली. डिचोलीत भाव चढलेत. दलाल येतात, तोंडाला येईल ती किंमत सांगा म्हणतात. सासरेबुवा त्यांना बसवतात, चहा देतात, सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "घरकान्नीक विचारूंक जाय." दलाल नवखे असतात. बरं, विचारून कळवा, असं म्हणून निघून जातात. मी शेजारीच बसलेला असतो. मग दलालाचा कप उचलून मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो.