बेसला कागद नसतो

डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, कपाटाएवढं रुंद, चार तारांचं वाद्य. उभं राहून, जवळजवळ मिठी मारूनच वाजवावं लागतं. बंगळूरच्या दंडू भागात, म्हणजे कँटोन्मेंटात, हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमध्ये आणि रविवारी प्रार्थनेला मी तो सव्वीस वर्षं वाजवला. कुठं शिकलात असं कोणी विचारलं की मी माझ्या गुरूचं सांगतो आणि कानाच्या पाळीला हात लावतो. हात मनापासून लावतो. पण त्याच वेळी एक जुनी गोष्ट आठवते, ती कुणाला सांगत नाही. आज लिहितो.

मी मिरजेचा. सहावीत शाळा सोडली. मास्तर पुस्तक हातात देऊन उभं करायचे, माझी जीभ टाळूला चिकटायची आणि वर्ग हसायचा. बाकी काही कारण नव्हतं. मग तंबोऱ्यांच्या कारखान्यात लागलो. भोपळा कोरणं, तबली बसवणं, तारा टेकतात ती घोडी घासून जवारी, म्हणजे सुराची झणझण, काढणं. तिथं कुणी पुस्तक हातात देत नसे, म्हणून मला ते देऊळच वाटायचं. एकविसाव्या वर्षी मालकांनी चिठ्ठी देऊन बंगळूरला धाडलं. दंडूतल्या एका वाद्यांच्या दुकानाला दुरुस्तीचा माणूस हवा होता. राहायला चिकपेटेत, एका शिंप्याच्या घरी माडीवर. घर मराठी, पण दहा पिढ्या इथलेच. पहिले दोन दिवस मला वाटलं की ते कानडीच बोलताहेत. घरातली अक्का रोज सकाळी म्हणायची, "स्वल्प खाऊन जा की रे, दंडूत तुला कोण घालणार?"

एक दिवस दुकानात तडकलेला बेस आला. मी असलं धूड जन्मात पाहिलं नव्हतं. सरस लावून तडा बुजवला, तो उत्तम बुजला. मग घोडीकडं पाहिलं तर ती वरून गोल! म्हटलं, कुणी अडाण्यानं केली आहे. मी ती मिरजेच्या पद्धतीनं सपाट घासली आणि तारेखाली दोराही सरकवला. बेसचा धनी आला, पन्नाशीचा अँग्लो-इंडियन, ताठ, पांढऱ्या मिशा. त्यानं तार छेडली आणि बेस तंबोऱ्यासारखा झणझणला. दुकानाचे मालक कपाळाला हात लावून बसले. माझ्या डोळ्यांपुढं परतीची गाडी दिसायला लागली.

तो मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "हा गातोय की घोरतोय, मॅन?" मग म्हणाला, "पण सूर बरोबर लावलास. कुठल्याही सुराशी न ताडता. चल, हा कसा वाजतो ते रविवारी येऊन ऐक." नव्या घोडीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मालकांना म्हणाला, "पोराला काढू नका." हे मी कसं विसरू?

त्याला मी अंकल म्हणायला लागलो, त्याच्या बायकोला आंटी. तो मोडक्या हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत बोलायचा. मी इथं मराठीत लिहितो आहे. युद्धाच्या काळात तो कलकत्त्यात होता. तिथं अमेरिकेच्या काळ्या सैनिकांकडून दोन गोष्टी शिकला, जॅझ आणि त्यांची देवाची गाणी, गॉस्पेल म्हणतात ती. रविवारी सकाळी रेल्वे कॉलनीमागच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गॉस्पेल, आणि दुपारी हॉटेलात चहाबरोबरचा नाच. आंटी प्रार्थनाघरात पायपेटी वाजवायची. मधल्या वेळात त्यांच्या घरी जेवण, पिवळा भात आणि बॉल करी, म्हणजे गाईच्या खिम्याच्या गोळ्यांची आमटी. माझ्यासाठी ती गोळे मटणाचे करायची आणि ताटात वाढताना सांगायची, "तुझे वेगळे आहेत, घाबरू नको." मी घाबरायचो तरी खायचो. घरी पत्रात लिहायचो, दुकानात सर्व क्षेम.

अंकलनं मला सगळं कानानं शिकवलं. तो वाजवायचा, मी वाजवायचो. चुकलं की पायाच्या पंजावर छडीनं टकटक करायचा. दोन वर्षांत मी त्याच्या जागी अर्धा कार्यक्रम वाजवायला लागलो, कारण त्याची बोटं आखडायला लागली होती. हॉटेलात जायच्या आधी तो मागं उभा राहून माझ्या टायची गाठ मारायचा. दर रविवारी, न चुकता.

बँडमध्ये पियानो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांच्यापुढं स्टँडवर छापील कागद असायचे. ड्रमरपुढं काही नाही आणि आमच्या स्टँडवर नुसती गाण्यांच्या क्रमाची चिठ्ठी. एकदा मी विचारलं, "अंकल, आपला कागद?"

तो म्हणाला, "बेसला कागद नसतो, सन. तुझ्या तंबोऱ्याला असतो का?"

नसतो. तंबोऱ्याचं कोण लिहून ठेवतं? मला ते इतकं पटलं की पुन्हा विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. सहावीचा वर्ग मागं पडला होता तो पडलाच.

अशी सहा वर्षं गेली. मग अमेरिकेहून काळ्या गायकांचा एक गॉस्पेल चमू आला. त्यांचा बेसवाला मद्रासेत आजारी पडला होता आणि इथून पुढं कोइमतूर, कोचीन, सिलोन असा तीन महिन्यांचा दौरा होता. त्यांनी आमच्या पियानोवाल्याला माणूस विचारला. बँड त्याचाच. त्यानं अंकलसमोरच माझ्याकडं बोट दाखवलं. "हा. म्हाताऱ्याची बोटं गेलीत."

अंकलनं मला मिठी मारली. मी आठ दिवस नीट जेवलो नाही. समुद्र पाहिला नव्हता, आणि सहावीत शाळा सोडलेला माणूस बोटीनं सिलोनला निघाला होता. अक्कानं शंकरपाळ्यांचा डबा भरून ठेवला. रोज मी अंकलला विचारायचो, "मला जमेल ना?"

"कान आहेत ना तुला?" तो म्हणायचा. बाकी काही नाही.

तालमीच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःचा काळा रेशमी टाय माझ्या गळ्यात बांधला, खांदे झटकले आणि सोबत आला. एका शाळेच्या सभागृहात दहा वाजता तालीम. चमूची प्रमुख धिप्पाड, हसरी बाई होती, सगळ्यांना बेबी म्हणायची. तिनं कागद वाटायला सुरुवात केली. एक माझ्यापुढं धरला. तो कुणाला द्यायचा आहे म्हणून मी मागं पाहिलं. मागं भिंत होती.

"तुझाच आहे, मॅन," आमचा ड्रमर म्हणाला. तोही त्या दिवशी साथीला होता.

इंग्रजीची मोठी अक्षरं मला येत होती. कागदाच्या डोक्यावर चार होती. बी, ए, एस, एस.

खाली ओळीच ओळी आणि त्यांवर मुंग्या.

गाणं सुरू झालं. कान लावून मी बऱ्यापैकी चाललो होतो. मग एकाएकी सगळे थांबले. पियानो, ड्रम, वीस गळे, सगळे. ती जागा बेसनं एकट्यानं भरायची होती, आणि काय भरायचं ते कागदावर होतं. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. गायक एकेक करून माझ्याकडं वळले. कोणी हसलं नाही, एवढाच सहावीत आणि इथं फरक.

बाईनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच जागा आली. पुन्हा पंखा.

तिसऱ्या बाकावरून अंकल उठला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, माझ्या खांद्यावरचा बेस स्वतःच्या खांद्यावर घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही, कागदाकडं पाहिलं. आणि त्या आखडलेल्या बोटांनी त्यानं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत वाजवलं. फार गोड नाही, पण बिनचूक.

दौऱ्यावर तो गेला.

पण मला बसलेला धक्का तो नव्हे. बाहेर अंगणात ड्रमर माझ्याजवळ आला. "आजच्या दिवस तरी पाहायचास की रे कागदाकडं. देवानं माफ केलं असतं."

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो.

"येत नाही? म्हणजे तुमच्यात ते पाप नसतं?"

"काय पाप?"

"वाद्याजवळ कागद आणणं! अंकलनं पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं आम्हाला. तुमच्या धर्मात स्वतःच्या वाद्याला कागद चालत नाही, त्याच्यासमोर तो विषय कोणी काढू नका, बिचारा दुखावेल. पियानोवाल्याला तर वाटलं, तू आज व्रत मोडून आलायस." तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला.

सहा वर्षं अख्ख्या बँडनं माझा मान राखला होता. मी पायरीवर बसून राहिलो. घरी गेलो तेव्हा अक्का म्हणाली, "काय रे अण्णा, सरी, नीट झालं का सगळं?" मी टाय ओढून काढला. शंकरपाळ्यांचा डबा तिनं न विचारता फळीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात आंटी दुकानात आली. काउंटरवर एक पत्र्याची पेटी ठेवली. आत बेसचे कागद होते, शंभरावर असतील. मी सहा वर्षं वाजवलेलं प्रत्येक गाणं, त्यावर अंकलनं पेन्सिलनं घातलेले बोटांचे आकडे. तो घरी बसून ते वाचायचा, पाठ करायचा आणि रविवारी मोकळ्या हातानं यायचा.

"त्यांनी असं का केलं, आंटी?"

"बोटं. तू आलास त्याच वर्षी सुरू झालं होतं." ती पेटीच्या कडीशी चाळा करत होती. "तू त्याच्या मागं हवा होतास त्याला, त्याच्या जागी नको. मी दर रविवारी बघत होते. बोलले नाही. नवरा आहे माझा. आता जेवणाच्या सुट्टीत येत जा."

तीन महिने रोज दुपारी प्रार्थनाघराच्या पत्र्याखालच्या उकाड्यात, पायपेटीशेजारी बसून, तिनं मला वाचायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस मला घाम फुटायचा. ती कधी घाई करत नसे. टायची गाठही तिनंच दाखवली, पायपेटीच्या पायाला टाय बांधून.

अंकल परतला तो बोटं पार घालवून. पोरगा ऑस्ट्रेलियात होता, तिकडं कायमचं जायचं ठरलं. निघायच्या आधीच्या रविवारी निरोपाची प्रार्थना ठेवली आणि त्यानं निरोप धाडला, बेस तूच वाजव. मी जायचं ठरवलं ते एक वाक्य बोलायला. वाक्य पाठ केलं होतं: अंकल, बेसला कागद असतो.

मी लवकर जाऊन स्टँड लावला आणि त्यावर कागद ठेवला. गाणं मला झोपेतही आलं असतं, कागदाची गरज नव्हती. तो त्यानं पाहावा म्हणून होता.

त्यानं पाहिला. दारातून आत येता येता थबकला, पुढं आला, कागदावरून बोट फिरवलं. सगळे बाक भरले होते. मी तोंड उघडलं.

तो लोकांकडं वळला. "बघा हे!" त्याचा आवाज भरून आला होता, खोटा वाटत नव्हता. "तंबोरे घासणारा पोरगा. आज कागद वाचतो. मी शिकवलं ह्याला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "हो ना, सन?" आणि दोन्ही हातांनी माझ्या टायची गाठ सारखी करायला लागला. त्याची बोटं वळत नव्हती. गाठ होती त्याहून वाकडी झाली.

घोडीचे न घेतलेले पैसे, पायावरची छडी, वेगळे शिजवलेले गोळे, सगळं एकदम आठवलं. आणि मी म्हणालो, "हो, अंकल."

मग आंटीकडं पाहिलं. ती पायपेटीवर बसली होती आणि माझ्याकडंच पाहत होती. रागावलेली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी मी पायरीवर बसलो होतो, तेव्हा माझं तोंड असंच दिसलं असावं. तिनं भाता मारला आणि गाणं सुरू केलं.

कागद पांढरी चारच्या पट्टीचा होता. तिनं एक पट्टी वर, पांढरी पाच धरली.

म्हणजे समोरचा एकही सूर उपयोगाचा राहिला नाही. लोकांना कळायचं कारण नव्हतं, ते गात सुटले. अंकलला पहिल्याच आघाताला कळलं. त्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग पुन्हा तिच्याकडं; तिनं पट्टी मुद्दाम बदलली होती, आणि मला वाचायला कोणी शिकवलं ते त्याला समजलं. तो हळूच पहिल्या बाकावर बसला.

मी कागदावरून नजर काढली आणि कानानं वाजवायला लागलो, त्यानं शिकवलं होतं तसं. एकही सूर चुकला नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत त्यानं मान वर केली नाही, आंटीनंही नाही.