भिवघाटाच्या माळावरची चूल

शिवा, मी गाव सोडलं ते मेंढरांच्या ट्रकात बसून. पुढं केबिनमध्ये ड्रायव्हर आणि व्यापारी, मागं हौद्यात मेंढरं, आणि त्यांच्या वर आडव्या फळ्या टाकून त्यावर मी, तुझी वहिनी तुळसा आणि तिच्या मांडीवर अंगावर पिणारा बाळू. तू माझा धाकटा भाऊ, तेव्हा एवढासा. चड्डी सावरत ओढ्यापर्यंत ट्रकामागं पळालास आणि ओरडत होतास, "दादा, मला बी ने!" आय पळाली नाही. तिनं आधीच फाळका धरून सांगायचं ते सांगितलं होतं. आपली आय मायेत आली की कानडीत हाक मारायची. म्हणाली, "तम्मा, वाटंवरची चूल मोडून उठ. घरची मी बघती."

एवढंच बोलली आणि मागं वळून घरात गेली.

हे तुला लिहितोय, पण तुझ्या एकट्यासाठी नाही. जतच्या अंगाला जे राहिले त्यांनी वाचावं, आणि साताऱ्याला, पुण्याला, पार सुरतेपर्यंत गेले त्यांनीही वाचावं. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मेंढरं गावात असतील तेवढेच दिवस. पण माझं मी लिहितो. बाळूला दाखवत नाही. तो चुका काढत बसतो.

आयचं बोलणं आताच्या पोरांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. आपला बा मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला जायचा. रोज नवा मुक्काम, रोज तीन दगड मांडून नवी चूल. सकाळी उठताना त्यातला एक दगड हातानं कलंडवायचा, मगच पाय उचलायचा. बा म्हणायचा, "उभी चूल दिसली की मन मागं बघतंय, आन मेंढरं पुढं जात्यात." घरची चूल मात्र मोडायची नाही. तिथं परत यायचं असतं.

त्या दिवशी ट्रकाचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं भिवघाटाच्या माळावर गाडी उभी केली. तुळसानं तिथंच तीन दगड मांडून चहा ठेवला. निघताना मी बाळूचा मुठीएवढा हात धरला आणि त्याच्या हातानं दगड कलंडवला. तीच आमच्या घरातली रीत झाली.

साताऱ्यात मी लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागलो. दर वर्षी चैत्रातल्या जत्रेला गावाकडं निघायचं. कारखान्यातल्या एका ड्रायव्हरची जीप असायची. रस्ता कुठलाही असो, भिवघाटाला थांबायचंच. बाळूच्या पाठीवर दोन पोरी झाल्या होत्या. प्रत्येकानं आपला दगड आपण शोधून आणायचा. तिघांनाही मोठ्यात मोठा दगड आणायची खुमखुमी, मग चूल एका अंगाला उंच व्हायची, पातेलं तिरकं बसायचं आणि निम्मा चहा जाळात जायचा. माळावर वारा लय. तुळसा वाऱ्याच्या बाजूला पदर पसरून बसायची आणि म्हणायची, "पेटवा आता, का माझं लुगडं पेटवताय?" गुळाच्या चहात शिळी भाकरी चुरून पोरं खायची. घरी तीच भाकरी दिली तर तोंड वाकडं करायची. शेवटी सगळ्यात धाकट्यानं दगड कलंडवायचा. धाकटी चालायला लागली आणि मधलीचा तो मान गेला, तर मधली त्या वर्षी जत येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

आता पोरी आपापल्या घरी आहेत. तुळसा गेली. मी बाळूकडं पाचव्या मजल्यावर राहतो. कशाची कमी नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर गावात बोभाटा व्हायचा. सूनबाई ताट हातात देते. पण गड्या, बूड टेकत नाही. गॅलरीतनं हॉलमध्ये, हॉलमधनं गॅलरीत. सूनबाई म्हणते, "मामा, जरा बसा की." बसू कुठं? आयुष्यभर जाळासमोर उभा राहिलेला माणूस मी. घरात इंडक्शनची शेगडी आहे. जाळच नाही, तरी दूध उतू जातं.

म्हणून यंदा जत्रेला निघताना मी मनाशी ठरवलं होतं, परत यायचं नाही. कुणाला बोललो नाही. घोंगडं, सगळी कापडं, तुळसाचा फोटो, एकाच पिशवीत भरलं. सूनबाई म्हणाली, "मामा, दोन दिवसाला एवढी पिशवी?"

"पहाटं थंडी असती तिकडं."

"एप्रिलमध्ये?"

मी ऐकलंच नाही असं केलं. म्हाताऱ्या माणसाला एवढी एक सोय असते.

बाळूला कराड, सांगलीवरनं जायचं होतं. "आबा, नवा रस्ता हाय, पोटातलं पाणी हलत न्हाई. हाटेल बी हायत."

"माझी चूल भिवघाटाला हाय," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं झाली, तुमचं गाडं भिवघाटातनं निघंना," तो म्हणाला. पण गाडी त्यानं विट्याच्या रस्त्याला घातली.

माळ आहे तसाच आहे. फक्त वर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात, आणि वाऱ्याचा आवाज आता त्यांचा झाला आहे. बाळूची पोरगी अनू दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. मला आज्जा म्हणायचं हे मी तिला शिकवलंय. ती लांब जाऊन एक चपटा दगड पोटाशी धरून घेऊन आली, फ्रॉक लाल मातीनं भरला. सूनबाईनं लायटर आणला होता. वाऱ्यात तो पेटेना. मी एका काडीत जाळ केला. अनूनं टाळ्या वाजवल्या. चहा झाला, भाकरी झाली, चुलीत पाणी ओतून दगड गार केले.

"अनू, कलंडव दगड. निघू या."

"नाही."

"न्हाई कसं? ही आपली रीत हाय."

"परवा येताना परत दगड कोण शोधणार? मी एवढ्या लांबनं आणलाय." आणि बया त्या चपट्या दगडावरच बसली, हाताची घडी घालून.

मी दरडावलं. हलली नाही. चॉकलेट दाखवलं. ते घेतलं आणि तिथंच बसून खाल्लं. बाळू गाडीतनं हसत म्हणाला, "कळलं का आबा, तुमच्याशी बोलताना आमाला कसं हुतंय ते?"

तिला काय सांगणार, की तू परवा येशील, मी येणार नाही? मला तो दगड कलंडलेला हवा होता. मागं काही उभं राहायला नको होतं. मी कलंडवला असता, पण मान धाकट्याचा, आणि रीत मीच घातलेली. शेवटी चूल उभी ठेवून निघालो. बा म्हणायचा तसंच झालं. जत येईपर्यंत मी मान वळवून मागंच बघत होतो.

शिवा, तुझ्या घरात मला काही कमी पडलं नाही. तुझ्या डाळिंबाला ठिबक आहे, पोरांच्या हातात पैसा खेळतोय, बघून बरं वाटलं. वाडग्यात एक मेंढरू नाही, त्याचंही काही नाही, काळ बदलला. पण आयची चूल होती तिथं तुझ्या पोराची मोटारसायकल लावलेली बघितली आणि माझे पाय तिथंच थांबले. तुला दोष देत नाही. आय गेल्यावर तू ती चूल लय वर्षं सांभाळलीस, तुझ्या बायकोनं सारवली, मला ठाऊक आहे. पण मी पिशवी घेऊन कशाच्या भरवशावर आलो होतो, ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. दोन दिवस तुझ्या ओसरीवर बाजेवर पडलो. साताऱ्याच्या गॅलरीत व्हायची तीच तगमग. पहाटे उठून ओढ्यापर्यंत जाऊन यायचो. का, ते माझं मलाच माहीत नाही.

तरी निघायच्या दिवशी मी म्हणालोच, "मी हितंच राहणार हाय." बोललेलं मागं घ्यायचं मला जमत नाही. बाळूचा चेहरा उतरला. तू म्हणालास, "राहा की दादा. भाकरी काय जड हाय का?" सूनबाईनं ओढणी तोंडाला लावली.

अनूनं गाडीच्या काचेतनं डोकं बाहेर काढलं. "आज्जा, मग तिथं जाळ कोण करणार?"

"पप्पा करंल की तुझा."

"पप्पाला येत नाही."

बाळू म्हणाला, "अगं, लायटर हाय आपल्याकडं."

"लायटर विझतो!" ती रडायलाच लागली. "तो वाऱ्यात विझतो!"

मी म्हणालो, "भिवघाटापतूर येतो. तिथनं एसटीनं माघारी." आणि पिशवी तुझ्या ओसरीवर ठेवूनच गाडीत बसलो. तू बघितलंस सगळं.

माळावर पोचलो तर चूल उभी होती. पण राख ताजी होती. बाजूला कांद्याची सालं, आणि माळभर मेंढरांच्या लेंड्या. कुणीतरी कळप घेऊन मुक्काम करून गेलं होतं. अनू भडकली. "आपल्या चुलीवर कुणी स्वयंपाक केला?"

"आपल्याच माणसांनी," मी म्हणालो.

मग मी वाकून बघितलं. तिच्या चपट्या दगडाच्या खाली, वाऱ्यानं उडू नये अशा बेतानं, मूठभर वाळक्या काटक्या खोचून ठेवल्या होत्या. त्या माणसांनी दगड कलंडवला नव्हता. ज्यानं मांडली त्यानंच मोडायची, हीसुद्धा आपलीच रीत, बानं सांगितलेली. उभी चूल बघून त्यांनी ओळखलं, मांडणारा परत येणार आहे. आणि तो येणार म्हणून सरपण ठेवून गेले. ना ओळख, ना पाळख.

मी त्याच काटक्यांवर जाळ केला. सूनबाई न सांगता वाऱ्याच्या बाजूला ओढणी पसरून बसली. मला थोडा वेळ तिच्याकडं बघवलं नाही.

चहा झाल्यावर बाळूनं हळूच विचारलं, "आबा, एसटी कोनच्या अंगाला थांबती हितं?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो. त्यानं माझ्या बाजूचं दार लावून घेतलं. शहाणा आहे. अनू मात्र लवकर येईना. ती माळावर काटक्या गोळा करत फिरत होती. तिनं त्या आपल्या दगडाखाली खोचल्या, हात झाडले, मग आली. दगड कुणी कलंडवला नाही. मीही म्हणालो नाही.

आय म्हणाली होती, घरची मी बघती. ती होती तोवर तिनं बघितली. आता साताऱ्यात माझं अंथरूण आहे, तुझ्या ओसरीवर माझं घोंगडं आहे, आणि दोन्हींच्या मधी माळावर आमची चूल उभी आहे. तिथं परत जायचं आहे, म्हणून मी तिला घर म्हणतो. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

पिशवी पाठवू नकोस, शिवा. तुळसाचा फोटो तेवढा काढून भिंतीला लाव. पुढच्या जत्रेला लय अवकाश आहे, तरी मी बाळूला रोज विचारतो, टायरात हवा हाय का. तो म्हणतो, "आबा, जायचंय कुठं?"

मी म्हणतो, "कुठं न्हाई. काटक्या हायत का बघून येऊ."